विभागाच्या आत बाजूला कोण उभे राहणार?



मोहन्याच्या आमच्या वस्तीत रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की माणसे लगेच पांगत नाहीत. कुणाचे रेशनकार्डाचे काम अडलेले असते, कुणाला जातीच्या दाखल्याचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाच्या घरी सोयरिकीची बोलणी चालू असतात. आम्ही चष्मा लावून एका कोपऱ्यात बसतो आणि जमेल तेवढे लिहून देतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शेजारच्या वहिनी आपल्या मुलीला घेऊन अशाच आल्या. पोरगी आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. वडील रेयॉन कंपनीत कामाला होते. मोहन्याची एन.आर.सी. कंपनी २००९ साली बंद पडली आणि तिच्यावर चालणाऱ्या किती घरांची घडी विस्कटली, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. वडील त्यानंतर कल्याणला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. वहिनी चार घरचा स्वयंपाक करतात. त्या कमाईवर पोरीने कल्याणच्या कॉलेजातून बी.एस्सी. केले, पहिला वर्ग मिळवला आणि एम.एस्सी.साठी तिचा एका विद्यापीठाच्या विभागात नंबर लागला. आमच्या गल्लीतून विद्यापीठाच्या विभागात शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी. त्या दिवशी गल्लीने पेढे खाल्ले होते. आम्हीही खाल्ले होते.

आणि आता वहिनी म्हणत होत्या, "भाऊजी, हिचं नाव काढून आणायचा अर्ज लिहून द्या."

आम्ही पोरीकडे पाहिले. ती खाली बघत होती. बरेच विचारल्यावर बोलू लागली. विद्यापीठाचे आणि विभागाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण तिला तिथेच शिकायचे आहे.

पहिल्याच आठवड्यात वर्गात यादी वाचली गेली. नावापुढे कॅटेगरीही वाचली. नंतर प्रयोगशाळेत चार-चार मुलांचे गट पाडले. ज्यांची आधीपासून ओळख होती त्यांचे गट झाले. उरलेली मुले एका गटात टाकली आणि त्या गटाला शेवटचे टेबल मिळाले. मोजमापाचा चांगला काटा एकच, त्यावर दुसऱ्या गटांचा हात. हिच्या वाट्याला काचेची भांडी धुणे आणि दुसऱ्यांनी काढलेले आकडे वहीत उतरवणे एवढेच काम. सरांना शंका विचारायला गेली तर उत्तर मिळाले, "तुमचं काय, तुम्ही पास होणारच." वर्ग हसला. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता, म्हणून कार्यालयात चार मुलांसमोर फीबद्दल विचारणा झाली.

"काका, मला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही," ती म्हणाली. "पण पहाटेची आंबिवलीची लोकल पकडून मी रोज भांडी धुवायला जाते. भांडी तर आई पण धुते."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकून आमच्या हातातला पेन थांबला.

वहिनींचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त एका कारखान्यात नोकरीचे बोलणे होते, एक स्थळही सांगून आले होते. आईला मुलीच्या डोळ्यांतले पाणी दिसते. विद्यापीठ तिला दिसत नाही.

तिचे वडील रात्रपाळी करून आले होते आणि भिंतीला टेकून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "आमच्या खात्यात नवा माणूस आला की पहिले आठ दिवस त्याला एकट्याला मशीनवर सोडत नव्हते. जुना माणूस बाजूला उभा राहायचा. हात कुठं घालायचा, कुठं नाही, ते दाखवायचा. नाहीतर नव्याचा हात जाईल आणि खातंही बंद पडेल. एवढ्या मोठ्या विद्यापीठात हिच्या बाजूला उभं राहणारं कुणीच नाही का?"

हा प्रश्न एका वॉचमनने विचारला, पण देशातल्या प्रत्येक कुलगुरूने तो ऐकण्यासारखा आहे. समता, विविधता हे मोठे शब्द आहेत. त्यांचा साधा अर्थ असा की नवा माणूस आत आल्यावर त्याच्या हाती काटा द्यायचा, आणि काटा कसा धरायचा ते सांगायला बाजूला उभे राहायचे.

खात्याच्या दाराची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे होती, पण कमी मजुरीच्या सूतखात्यात. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. कारण काय? तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. गिरणी एक, मालक एक, भोंगा एक, पण खात्याचे दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे मांडला. मजुरीसाठी सगळ्यांनी मिळून लढायचे, तर खात्याचे दारही सगळ्यांना उघडले पाहिजे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

आणि शिकल्यासवरल्यांच्या जगात तरी काय वेगळे होते? १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राज्य-अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे, याला तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. नेमणूक मिळाली, खुर्ची मिळाली, पगार मिळाला, पण पाण्याच्या भांड्यापाशी आडकाठी झालीच. आमच्या पोरीला कॅटेगरीतून प्रवेश मिळाला आणि काट्यापाशी आडकाठी झाली. मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

म्हणून तर बाबासाहेबांनी स्वतःची कॉलेजे काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय उघडले आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली पोरे तिथल्या वसतिगृहांत येऊन राहिली. जो शिकायला आला त्याच्या पोटाची, झोपण्याची आणि वेळेची सोय लावणे, हे त्या कॉलेजांचे धोरण होते. आपल्या मुलांना मिळणारी भारत सरकारची शिष्यवृत्तीसुद्धा १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना सुरू झाली. बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती मिळण्यासाठी मात्र १९९० सालापर्यंत थांबावे लागले.

त्याच मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावासाठी आपण काय भोगले, हे पुन्हा सांगण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांचा त्यात बळी गेला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव झाले. सोळा वर्षांनी बाबासाहेबांचे नाव दारावर आले. पण दारावरच्या नावाने आतल्या विभागांची कामे आपोआप होत नाहीत. ती कामे रोजची असतात. त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत आणि वर्तमानपत्रात त्यांचे फोटोही येत नाहीत.

२००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत भेदभावाच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. थोरात सर आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनी तिथे सांगितले की प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आम्हाला न्याय मिळत नाही, शिक्षकांचा आधार मिळत नाही, वसतिगृहात आम्हाला हळूहळू एकाच भागात सरकायला लावतात. लेखी पेपर तपासताना एकवेळ जात दिसणार नाही. तोंडी परीक्षेत आणि प्रयोगशाळेत ती समोर उभी असते. म्हणजे भेदभाव बहुतेक वेळा विभागातच होतो, जिथे पाच-दहा शिक्षकांच्या हाती विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य असते.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातली, स्त्रीरोग विभागात पुढचे शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. ती जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजाची. वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली आणि तिघींवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी रोहितची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक दलित आई, एक आदिवासी मुसलमान आई. आपली मुले परत येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्यांची वाचावीत म्हणून त्या गेल्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आम्ही त्या रविवारी पोरीला तेच वाचून दाखवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांत समता राखण्याचे नियम केले. वर्गात जातीचे नाव पुकारणे, राखीव म्हणून शिक्का मारणे, शिक्षकांना भेटण्याची वेळ वेगळी ठेवणे, गुण देताना दुजाभाव करणे, वसतिगृहात आणि खाणावळीत वेगळे बसवणे, हे सगळे त्यात भेदभाव म्हणून लिहिले आहे. आणि आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती वाचून पोरगी एकदम ताठ बसली. प्रयोगशाळेत प्रवेश द्यायचा पण काम करू न देता नुसते बसवून ठेवायचे, हाही भेदभावच आहे.

"म्हणजे हे लिहिलेलं आहे?" तिने विचारले.

होय, लिहिलेले आहे. जे तिला आपलेच दुबळेपण वाटत होते, त्याला नियमात नाव आहे. प्रत्येक विद्यापीठात समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा, विद्यापीठात तो प्राध्यापकाच्या दर्जाहून खालचा नसावा, आणि तक्रारीचा निर्णय साठ दिवसांत व्हावा, असे हे नियम सांगतात. २०२६ च्या जानेवारीत आयोगाने नवे, अधिक कडक नियम काढले. त्यांच्याविरुद्ध ओरड झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन तोवर २०१२ चे नियम लागू राहतील असे सांगितले. तेव्हा नवे काय होईल याची वाट पाहत बसू नका. जुन्या नियमांतही पुष्कळ आहे. ते वापरणारा हवा.

शिक्षकांच्या जागांचीही गोष्ट समजून घ्या. विभागात आपला एकही शिक्षक का दिसत नाही, असे मुले विचारतात. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की राखीव जागा मोजताना संपूर्ण विद्यापीठ नव्हे तर एकेक विभाग वेगळा धरावा. आयोगाने २०१८ च्या मार्चमध्ये तसे पत्रक काढले. आता हिशेब करा. केंद्रात अनुसूचित जातींना शंभरात पंधरा, म्हणजे पहिली जागा येते ती सातव्या नंबरला. अनुसूचित जमातींना शंभरात साडेसात, त्यांची पाळी चौदाव्या नंबरला. ज्या विभागात शिक्षकच सहा, तिथे सातवा नंबर येणार कधी? तेरा शिक्षकांच्या विभागात आदिवासी शिक्षक येणार कधी? कागदावर आरक्षण शाबूत आणि विभागात माणूस शून्य. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांत संपूर्ण संस्थाच एक घटक धरायची असे ठरवले. नुसती मोजणी बदलली की माणसे बाहेर राहतात. म्हणून आपल्या पोरांनी बिंदुनामावली वाचायला शिकले पाहिजे.

तर त्या रविवारी आम्ही अर्ज लिहून दिला. नाव काढण्याचा नव्हे. विभागप्रमुखांच्या नावाने, सभ्य भाषेत, तारीखवार. कोणत्या दिवशी काय झाले, कोण हजर होते, आणि आपली मागणी काय. मागणी दोनच ओळींची होती : यादी वाचताना कॅटेगरी वाचू नये, आणि प्रयोगशाळेतले गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत व दर आठवड्याला प्रत्येकाला काट्यावर पाळी मिळावी. एक प्रत समान संधी कक्षाला. दोन्हीवर पोच घ्यायला सांगितले.

खरे सांगायचे तर आम्हाला भीती होती. अर्ज करून पोरीचे नुकसान तर होणार नाही ना? रात्री झोप लागली नाही. तिच्या आईचा शब्द डावलून आम्ही हे केले होते.

पुढे झाले ते असे. विभागप्रमुखांनी तिला बोलावले. आधी रागावले, मग ऐकून घेतले. त्या विभागातल्या एक शिक्षिका, आपल्या समाजाच्या नव्हेत, पुढे झाल्या. "मी गट पाडते," म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. पहिले चार शनिवार त्या हिच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. वडिलांच्या खात्यातल्या जुन्या माणसासारख्या. ज्या सरांनी वर्ग हसवला होता, ते आजही तिच्याशी नीट बोलत नाहीत. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिराच आला. सगळे गोड झाले असे आम्ही खोटे लिहिणार नाही. पण कॅटेगरी वाचणे थांबले, आणि पोरीचा हात काट्यावर पोचला. पहिल्या सत्राच्या प्रात्यक्षिकात ती चांगल्या गुणांनी पास झाली.

पण ही गोष्ट इथे संपवली तर अर्धीच राहील. हिवाळ्यात ती एकदा आमच्याकडे आली ती दुसऱ्याच कामासाठी. तिच्या वर्गात मुरबाडकडचा एक कातकरी मुलगा आहे. शेवटच्या टेबलावर तोही होता. तो दोन महिने तिच्या बाजूला उभा होता आणि दोन महिन्यांत ती त्याच्याशी धड चार वाक्ये बोलली नव्हती. "मला वाटायचं, मी याच्यासारखी दिसले तर आणखी मागे पडेन," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. त्याच्या वसतिगृहाचा प्रश्न होता, अर्ज लिहून हवा होता. या वेळी अर्ज तिनेच लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले.

बंधू-भगिनींनो, हे तिचे एकटीचे नाही, आपले सगळ्यांचे आहे. समता आपल्याला वरून खाली हवी असते. आपल्यापासून पुढे द्यायची वेळ आली की आपण खाली मान घालतो. विभागात कातकरी आहे, भटक्यांचा मुलगा आहे, मुसलमान मुलगी आहे, आंधळा विद्यार्थी आहे. आपण त्यांच्या टेबलाशी उभे राहतो का? आणि घरात? मुलाला एम.एस्सी. करायचे तर कर्ज काढतो, मुलीला करायचे तर स्थळ बघतो. विभागाला प्रश्न विचारताना घरालाही विचारला पाहिजे.

पालकांना आमचे चार शब्द. मुलगा-मुलगी विद्यापीठात गेली की आपले काम संपले असे समजू नका. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र वेळेत काढा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत घरात जपून ठेवा. पोर संध्याकाळी घरी आले की "किती मार्क पडले?" याआधी "आज हाताने काय केलंस?" असे विचारा. उत्तर येत नसेल तर काहीतरी अडले आहे असे समजा. त्रास सांगितला तर "सहन कर, आपल्याला शिकायचंय" असे एकदम म्हणू नका आणि "सोडून दे" असेही एकदम म्हणू नका. तारीख घालून लिहून ठेवायला सांगा. एकट्याने जाऊ नका, चार मुलांच्या सह्या घ्या, पोच घ्या. इंग्रजी येत नाही म्हणून विभागात जायला लाजू नका. तुमच्या पोरीचे विद्यापीठ तुमचेही आहे. आणि मुलाचे मन फारच खचलेले दिसले तर अर्ज, परीक्षा सगळे बाजूला ठेवा. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. पदवीपेक्षा पोर मोठे आहे.

जे शिकून नोकरीला लागले आहेत, त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. आपल्या वस्तीतले जे पोर यंदा पहिल्यांदा विद्यापीठात जाईल, त्याच्यासोबत पहिले आठ दिवस जा. ग्रंथालय कुठे, कार्यालय कुठे, कक्ष कुठे, ते दाखवा. त्याला पैसे लागत नाहीत, रजा लागते.

परवा पोरीचे वडील भेटले. रात्रपाळीला निघाले होते, हातात डबा होता. म्हणाले, "ती म्हणते, पुढं पीएच.डी. करायची. म्हणजे काय असतं हो, किती वर्षं?" आम्ही सांगितले, चार-पाच वर्षे तरी लागतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग मला अजून पाच वर्षं रात्रपाळी करायला हरकत नाही." आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.

वहिनींनी ते स्थळ अजून पूर्ण सोडलेले नाही. पण "दोन वर्षं थांबा" असा निरोप पाठवला आहे.

जयभीम!